अडेल धावड्याचा तिरकमठा

यवतमाळ जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला लाकूड म्हटलं की साग आठवतो. दारं सागाची, तुळया सागाच्या, दिवाण सागाचा. घर पाडलं तरी त्यातला साग पुन्हा विकला जातो. त्यामुळे एकदा तरी स्वतःच्या हातानं धनुष्य, म्हणजे तिरकमठा, करून बघावं असं मनात आलं, तेव्हा मी जुन्या चौकटीची सरळ, बिनगाठीची सागाची पट्टी उचलली यात नवल नाही. रंधा तर लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला. दोरी चढवली, छातीपर्यंत ओढली आणि सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. मुठीच्या वर वीतभर अंतरावर पट्टी आडवी तुटली होती. तुटलेली टोकं जवळजवळ सपाट होती. साधी सलसुद्धा उभी राहिली नव्हती.

ते दोन तुकडे घेऊन मी गावातल्या म्हाताऱ्या वाढईकडे गेलो. आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. त्यांनी तुकडे हातातही घेतले नाहीत. म्हणाले, "भाऊ, कुऱ्हाडीले सागाचा दांडा लावलेला कुठं पाह्यला काय?"

खरं तर या एका प्रश्नात धनुष्याच्या लाकडाचं अर्धं शास्त्र आलं. साग मोठा का झाला? तो वाळताना फारसा आकसत नाही, वाकडा होत नाही, अंगातल्या तेलामुळे त्याला वाळवी सहजी लागत नाही. थोडक्यात, दिलेला आकार तो सोडत नाही. दाराला हेच हवं असतं. धनुष्याला याच्या नेमकं उलट हवं असतं: लाकडानं आकार सोडायचा, पुन्हा जागेवर यायचं, आणि हे शेकडो वेळा न कंटाळता करायचं. कुऱ्हाडीच्या दांड्याचं आणि खांद्यावरच्या कावडीचंही तेच. म्हणून धनुष्याचं लाकूड हवं असेल तर जंगलात शिरण्याआधी गावातल्या कुऱ्हाडींचे दांडे बघत फिरावं. आमच्या भागात ते बहुतेक धावड्याचे, धामणीचे, बाभळीचे नाहीतर बोरीचे निघतात.

धनुष्य वाकतं तेव्हा आत काय होतं ते एकदा समजून घेऊ. नेम धरणाऱ्याच्या समोरची, म्हणजे सावजाकडची बाजू ही धनुष्याची पाठ. आपल्या तोंडाकडची बाजू हे पोट. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. मधोमध एक पातळ थर असतो, तो ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही. हिशेब सोपा आहे. पातं, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंचा वाकणारा भाग, १६ मिलिमीटर जाड असेल आणि ८० सेंटीमीटर त्रिज्येच्या गोलात वाकत असेल, तर पाठीवरचा तंतू एक टक्का लांबतो. मीटरभर लाकूड एक सेंटीमीटर ताणायचं, आणि तेवढंच पोटाला दाबायचं! बहुतेक लाकडं याच्या आसपास हात टेकतात. पाठ हरली तर धनुष्य मोडतं. पोट हरलं तर मोडत नाही. पोटावर केसासारख्या बारीक आडव्या चुण्या पडतात आणि धनुष्य मेल्यासारखं ढिलं होतं. सागाची पाठ आधी हरली.

या कामाला आपल्याकडे सगळ्यात नावाजलेलं झाड म्हणजे धामण. नाव घेतलं की ऐकणाऱ्याला आधी साप दिसतो, पण ही धामण फालशाच्या जातकुळीतली आहे. शास्त्रज्ञ तिला ग्रेविया टिलिइफोलिया म्हणतात. पानाचा देठाकडचा भाग एका बाजूला झुकलेला, फळं वाटाण्याएवढी, काळी, खाण्याजोगी. लाकूड चिवट आणि लवचीक. इंग्रज वनाधिकाऱ्यांनी लाकडांच्या नोंदी केल्या तेव्हा कावडी, वल्ही, बग्गीच्या दांड्या अशा सगळ्या वाकणाऱ्या कामांसाठी धामणीचं नाव लिहिलं. सालीच्या वाखाचा दोर होतो, म्हणजे धनुष्य आणि दोरी एकाच झाडातून निघते. संस्कृतात ती धन्वन, धन्वंग. आणि भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात तर तिचं एक नाव सरळ धनुर्वृक्ष असं दिलं आहे. गंमत अशी की तिकडे अमेरिकेच्या मैदानी मुलखात तुतीच्या कुळातलं ओसेज ऑरेंज नावाचं काटेरी, पिवळ्या लाकडाचं झाड आहे. फ्रेंच लोकांनी तिथल्या मूळ रहिवाशांना त्याची धनुष्यं करताना पाहिलं आणि झाडाचं नाव ठेवलं 'ब्वा दार्क', म्हणजे धनुष्याचं लाकूड. दोन खंड, दोन झाडं, नाव एकच.

माझ्या वाट्याला मात्र धामण आली नाही. आमच्या बांधावरच्या धावड्याची एक जाड फांदी विजेच्या तारेला लागते म्हणून छाटली गेली होती. मांडीएवढी जाड, साडेपाच फूट सरळ. वाढईकाकांनी तिच्यावर कुऱ्हाडीचा तुंबा आपटून पाहिला आणि मान हलवली. "हा धावडा हाय. याले घाई केली का तडकते."

धावडा आपल्याला ठाऊक असतो तो डिंकासाठी. बाळंतिणीच्या लाडवातला चांगला डिंक त्याचाच. माघ-फाल्गुनात पानं तांबूस होऊन गळतात आणि मग ते राखाडी-पांढरं गुळगुळीत खोड दुरूनही ओळखू येतं. लाकूड वजनदार, कठीण, दणका सोसणारं; बैलगाडीच्या आसापासून मुसळापर्यंत त्याला कामं असायची. मग धनुष्य करणाऱ्याला ते अडेल का वाटावं? कारण त्याचं पाण्याशी वाकडं आहे. ओल्या धावड्यात पाणी खूप. ते जाताना लाकूड आकसतं, पण सगळीकडून सारखं नाही. एरवी लाकूड लांबीत जवळपास आकसतच नाही. गाभ्याकडून सालीकडे थोडं आकसतं, आणि वर्तुळाच्या कडेकडेनं त्याच्या साधारण दुप्पट. गोल ओंडका तसाच ठेवला तर ही ओढाताण कुठंतरी मोकळी व्हावी लागते. म्हणून ओंडक्यांच्या तोंडावर गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या भेगा दिसतात. त्यातून यवतमाळचा मे महिना, पारा ४४-४५ वर, हवा भाजून निघालेली. वरचा थर वाळून आकसतो, आतला ओलाच असतो, आणि वरचा फाटतो.

यावर उपाय तीन, आणि तिन्ही धीराचे.

पहिला, ओंडका लगेच उभा फाडायचा. करवत नको, पाचरी हव्यात. करवत आपल्या रेषेनं जाते, पाचर तंतूंच्या वाटेनं जाते. आम्ही लोखंडाच्या दोन आणि बाभळीच्या तीन पाचरी मारल्या. फांदी उकलत गेली तसं कळलं की सरळ दिसणारं लाकूड आतून पिळलेलं होतं. या टोकाची सपाटी त्या टोकापर्यंत जाताना चार बोटं फिरली होती. करवतीनं कापलं असतं तर हा पीळ दिसलाच नसता, आणि तंतू आडवे कापले जाऊन धनुष्य तिथंच गेलं असतं.

दुसरा उपाय, पाण्याला सावकाश जाऊ द्यायचं. तंतूंच्या तोंडातून, म्हणजे दोन्ही टोकांतून, पाणी झपाट्यानं निघतं. जुने लोक टोकांना शेण किंवा मेण लावतात; मी फेविकॉलचे दोन हात दिले. साल ठेवली. फाक सावलीत, गोठ्याच्या माळ्यावर आडवी.

तिसरा उपाय सगळ्यात कंटाळवाणा: वजन करायचं. डिसेंबरात फाक किराणा दुकानातल्या काट्यावर ६ किलो ८०० ग्रॅम भरली. दुकानदार पहिल्या दिवशी हसला, तिसऱ्या महिन्यात स्वतःच आकडा लिहून ठेवू लागला. मेअखेर ती ५ किलो २०० वर आली आणि मला वाटलं, झालं. श्रावणात पुन्हा टाकली तर ५ किलो ४००! पावसाळी हवेतलं पाणी तिनं परत प्यायलं होतं. वाळलेलं लाकूड हे असं हवेशी कायम देवाणघेवाण करत असतं. ओलं असताना वाकवलं तर ते वाकलेलंच राहतं, अगदी कोरडं असताना वाकवलं तर तडकतं. वजन ५ किलो १०० वर दोन आठवडे स्थिर राहिलं तेव्हा दिवाळी झालेली होती.

तोवर फाक वाकडी झाली होती, पण चांगल्या बाजूला. याचं कारण झाडाच्या शरीरात आहे. रुंद पानांच्या झाडाची आडवी फांदी खाली पडू नये म्हणून झाड तिच्या वरच्या अंगाला वेगळ्या जातीचं, ताण धरणारं लाकूड घालतं. ते वाळताना लांबीतही थोडं आकसतं. मी फांदीचं वरचं अंग धनुष्याची पाठ म्हणून धरलं होतं. ते आकसल्यामुळे फाक पाठीकडे दोन बोटं उलटी वाकली. असं उलटं वाकलेलं धनुष्य दोरी चढवतानाच ताण घेऊन बसतं आणि बाण जोरात फेकतं. तुर्की आणि मोगली धनुर्धारी हा उलटा बाक शिंग, लाकूड आणि जनावरांचे स्नायुबंध सरसानं जोडून मुद्दाम आणत. मला तो फुकट मिळाला. पीळ मात्र नको होता. तो काढायला निखाऱ्यांवर तेल लावून लाकूड शेकावं लागलं. लाकडात तंतूंना चिकटवून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ असतो, तो तापला की मऊ पडतो. तेवढ्या वेळात पिळून धरायचं, गार होईपर्यंत सोडायचं नाही. बाणाची कांडी सरळ करतानाही हेच करतात. चार बोटांचा पीळ एका बोटावर आला, आणि मी तिथंच थांबलो.

आता पाठ. युरोप-अमेरिकेतले धनुष्यकार एका वर्षवलयाच्या मागं लागून, वरचे थर काढत, अख्खी पाठ त्या एकाच वलयावर आणतात. सागात अशी वलयं ठळक दिसतात. धावड्यात ती डोळ्यांना लागत नाहीत. त्यामुळे इथं सोपा आणि खात्रीचा मार्ग असा की साल काढायची, आणि खाली जे गुळगुळीत अंग लागेल त्याला हत्यार लावायचंच नाही. झाडानं केलेली पाठ तशीच ठेवायची. गाठ असेल तर तिचा उंचवटाही राहू द्यायचा. जे काही तासायचं ते पोटाकडून.

आणि तासताना एक गणित डोक्यात ठेवावं लागतं. पात्याची रुंदी निम्मी केली तर ताकद निम्मी होते, पण जाडी निम्मी केली तर ताकद आठवा हिस्सा उरते. सोळा मिलिमीटर जाडीतला एक मिलिमीटर काढला की ताकद जवळजवळ अठरा टक्क्यांनी उतरते. म्हणून वाकस फक्त सुरुवातीला. नंतर रंधा, मग कानस, आणि शेवटी फुटक्या काचेचा तुकडा. काचेच्या धारेनं धावड्याचा भुगा मैद्यासारखा पडतो.

खरी कसोटी यानंतरची. गोठ्याच्या मेढीला खुंटी ठोकून धनुष्य मुठीवर आडवं टांगलं, ढिली दोरी लावली आणि दोरीला तेलाचा रिकामा डबा अडकवला. डब्यात एक लिटर पाणी ओतलं की एक किलो ओढ वाढते. याहून स्वस्त काटा नाही. पाच लिटरला मागं सरून पाहायचं, दोन्ही पाती सारखी वाकतात का. संध्याकाळी दिवा लावून समोरच्या चुन्याच्या भिंतीवर पडलेली सावली मी कोळशानं गिरवली, मग धनुष्य डावं-उजवं फिरवून पुन्हा टांगलं. दोन रेषांमध्ये जिथं फट दिसेल तिथं चूक. माझं डावं पातं मधेच बिजागरीसारखं मोडत होतं आणि टोकाकडे काठीसारखं ताठ होतं. अशा वेळी हात आपोआप कमजोर जागेकडे जातो. तिथं हात लावायचाच नसतो. जे ताठ आहे ते खरवडायचं. खरवडलं की वीस-तीस वेळा हलकं ओढायचं, कारण लाकूड केलेला बदल लगेच दाखवत नाही. या कामात माझ्या अकरा संध्याकाळी गेल्या. शिवधनुष्य पेलणं म्हणतात त्यातला पेलण्याचा भाग मला आता सोपा वाटतो.

दोरी सणाची, तीन पदरी, मेण चोळलेली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दोरीसाठी मूर्वा, रुई, सण, वेळू आणि स्नायुबंध यांची नावं आहेत. त्यातला वेळू वाचून शहरी माणूस बुचकळ्यात पडतो. बांबूची दोरी कशी होणार? पण मध्य भारतातल्या आदिवासी धनुष्यांना आजही बांबूच्या सालपटाची चपटी पट्टीच दोरी म्हणून लावलेली असते. ती पावसात भिजून सैल पडत नाही, आणि तुटली तर रानातच दुसरी होते.

त्याच अर्थशास्त्रात धनुष्याची द्रव्यं ताड, वेळू, लाकूड आणि शिंग अशी सांगितली आहेत. वेळू या यादीत असणारच, कारण तो जन्मतःच धनुष्य आहे. त्याचे सगळ्यात दाट तंतू बाहेरच्या हिरव्या कातड्याखाली असतात, म्हणजे ताण सोसणारी पाठ तयारच. फाडायचा, आतून सोलायचा, की झालं. आमच्या वणी, मारेगाव, झरी जामणी, केळापूर, घाटंजी भागात कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून नोंदलेल्या तीन जमातींपैकी कोलाम एक. कातकरी आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. वेळूची कांब हातात फिरवून तिच्या अंगानं फाडत जाण्याची कोलामांची हातोटी टोपल्या आणि तट्टे विणताना पाहिली, तर अकरा संध्याकाळी घालवल्याची लाज वाटते. कोलामी आणि गोंडी भाषेत धनुष्य म्हणजे 'विल'. तमिळमध्ये तोच शब्द, तेलुगूत विल्लु, कन्नडमध्ये बिल्लु. भिल्ल हे नावही त्याच मुळाचं असं अनेक भाषा-अभ्यासक मानतात. महाराष्ट्रात धनुष्यबाण म्हटलं की आधी मतदानयंत्रावरचं चिन्ह आठवतं, पण 'विल' हा शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या रानात राहतो आहे.

साध्या लाकडाचं धनुष्य माणसाएवढं लांब का असतं, हेही त्या ताणाच्या गणितातूनच सुटतं. लांबी कमी केली की तेवढ्याच ओढीला पातं जास्त वाकतं आणि तो एक टक्का ओलांडला जातो. अलेक्झांडरच्या मोहिमेचा इतिहास लिहिणाऱ्या एरियननं भारतीय पायदळाचं धनुष्य माणसाच्या उंचीचं असतं आणि ते जमिनीवर टेकवून डाव्या पायानं दाबून ओढतात, असं लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे तर धनु हे लांबीचं मापच झालं: ९६ अंगुळं, म्हणजे चार हात. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचं मेरी रोझ हे लढाऊ जहाज १५४५ साली बुडालं आणि १९८२ साली वर काढलं गेलं. त्यात १३७ धनुष्यं अख्खी सापडली, सगळी यू नावाच्या झाडाची आणि जवळपास सगळी पुरुषभर उंचीहून लांब. त्या लाकडाला पाठीसाठी पांढरं बाहेरचं लाकूड आणि पोटासाठी तांबडा गाभा निसर्गानंच जोडून दिलेला असतो. ताण एकानं घ्यायचा, दाब दुसऱ्यानं. आल्प्स पर्वतात १९९१ साली बर्फात सापडलेल्या, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसाजवळही यूचंच, १.८२ मीटर लांबीचं धनुष्य होतं. त्याचं तासकाम अर्धवट राहिलेलं होतं, हे वाचून मला फार बरं वाटलं.

कुणाला हा खटाटोप करावासा वाटला तर दोन गोष्टी. वनातलं झाड तोडू नका. बांधावरची छाटलेली फांदी पुरते, आणि झाड स्वतःचं असलं तरी तोडण्याआधी वनखात्याला विचारा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्रांच्या व्याख्येत धनुष्यबाणही येतो, तेव्हा नेम फक्त गवताच्या पेंढीवर. मुलांना रीतसर शिकायचं असेल तर आपल्या देशातल्या तिरंदाजी स्पर्धांत 'इंडियन राउंड' नावाचा प्रकार आहे. तो बांबूच्या साध्या धनुष्यावर, ३० आणि ५० मीटरवरून खेळतात.

माझा तिरकमठा आता पंचवीस इंच ओढल्यावर पंधरा किलो भरतो, डब्याचं वजन धरून. पाठीकडे दोन बोटं असलेला उलटा बाक वापरून एक बोट उरला आहे. काम झालं की दोरी उतरवायची, जवसाचं तेल चोळायचं आणि भिंतीला उभा न टेकवता आडवा ठेवायचा. तो सागाच्या तुळईखाली दोन खुंट्यांवर आहे. फांदीची दुसरी फाक वाढईकाकांनी नेली होती. तिच्यातून कुऱ्हाडीचे दोन दांडे निघाले आणि ते दोन्ही रोज वापरात आहेत.